पन्नास बैसांचं नाणं आणि लिस्बनचा जिना

माझ्या नवऱ्याच्या पँटच्या उजव्या खिशात पन्नास बैसांचं एक ओमानी नाणं कायम असतं. सुटे पैसे कमी पडले तरी त्याला आमच्या घरात कुणी हात लावत नाही, कारण ते प्रभाकरचं हत्यार आहे. तो गेली सव्वीस वर्षं मस्कतमध्ये फरशीचं काम करतो. चौलहून आला तेव्हा टाइल बसवणारा कारागीर होता, आता फोरमन आहे. बसवलेली टाइल दिसली की तो नाणं काढतो आणि टक टक वाजवून बघतो. मडकं घेताना आपण बोटाने वाजवतो ना, तसंच. मागे सिमेंटचा मसाला नीट भरला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळी राहिली असेल तर बद्द.

साइटवर हे ठीक आहे. पण हा माणूस मॉलमध्ये वाजवतो, बँकेत वाजवतो, दार्सैतच्या कृष्णमंदिरात दर्शनाच्या रांगेत उभा राहून वाजवतो. मी कुरुमला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. मला घ्यायला आला की आमच्या वेटिंग रूमची भिंत एकदा तपासून जातो. आमचे डॉक्टर म्हणतात, "आमचा धंदा एकच, फक्त माझी टाइल ओरडते." आमच्या स्वत:च्या स्वयंपाकघरात ओट्यामागची टाइल बारा वर्षं पोकळ आहे, ती मात्र त्याला ऐकू येत नाही.

सई, आमची सतरा वर्षांची मुलगी, बाबांनी नाणं काढलं की दहा पावलं पुढे निघून जाते. मैत्रिणींना ती सांगते, "पप्पा इज इन कन्स्ट्रक्शन." कन्स्ट्रक्शनमध्ये नेमकं काय, ते सांगत नाही. मीही तिला कधी टोकलं नव्हतं, हे कबूल करते.

आमची सुट्टी म्हणजे दोन वर्षांतून एकदा चौल. यंदा सईने युरोपचा हट्ट धरला. दिवाळी झाली की तिकडे शरद ऋतू असतो, गर्दी कमी, झाडं लाल-पिवळी, असं बरंच काही तिने सांगितलं. प्रभाकर पेपरातून मान वर काढेना. शेवटी तिने फोनवर लिस्बनमधल्या घरांचा फोटो त्याच्यापुढे धरला. सगळ्या घरांच्या दर्शनी भिंतींना वरपासून खालपर्यंत टाइल्स.

"बाहेरून? आणि पडत नाय त्या?"

"शंभर-शंभर इयर्स झाले, पप्पा. दोनशे पण."

"खलास," प्रभाकर म्हणाला. "यल्ला, तिकिटं काढ."

टेकड्यांवरचं शहर

विमानतळांवरच्या रांगांचं पुराण लावत नाही, ते सगळ्यांनाच पाठ आहे. लिस्बनचं पहिलं सत्य गुडघ्यांना कळतं. सगळं शहर चढ-उतारावर वसलेलं. अल् खुवैरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी समोरच्या दुकानात जायलाही गाडी काढतात. आम्ही दार्सैतची माणसं, रुवीपर्यंत पायी जाणारी, म्हणून मला चालण्याचा जरा गर्व होता. तो पहिल्याच संध्याकाळी उतरला.

आमची खोली अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत, एका तीन मजली घरात होती. घरमालकीण दोना लुर्देस सत्तरीच्या पुढची, काळा स्वेटर, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. ती तळमजल्यावर राहायची आणि वरच्या खोल्या भाड्याने द्यायची. ओमानी माणसाच्या दारात गेलं की नाव विचारायच्या आधी खजूर आणि कहवा पुढे येतो. दोना लुर्देसने आधी पासपोर्ट मागितले. टेबलावर एक जाड वही होती, तिच्यात तिने आमची नावं एकेक अक्षर बघत उतरवून घेतली. प्रभाकरच्या नावाला सर्वांत जास्त वेळ लागला. मग तिने जिना दाखवला.

त्या जिन्याच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत निळ्या-पांढऱ्या टाइल्स होत्या. निळ्या वेली, मध्येच एखादा पक्षी. प्रभाकर बॅगा हातात घेऊन तसाच उभा राहिला. "हाताने रंगवलेल्या हायत," तो हळूच म्हणाला. मी त्याला बॅगांची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी खूप भटकलो. रस्त्याच्या कडेला गाड्यांवर चेस्टनट भाजत होते, त्यांचा पांढरा धूर गल्लीभर पसरलेला. कागदाच्या पुडीत डझनभर मिळाले. तोंडात टाकला आणि मी प्रभाकरकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. भाजलेल्या आठळ्या! तोच पिठूळ गोडवा, तीच टरफलं नखात जाणं. सईने आयुष्यात आठळी खाल्लेली नाही, त्यामुळे आम्ही दोघं कशावर एवढे खूश झालो ते तिला कळेना. दुपारी खारवलेल्या माशाचं कालवण खाल्लं. दुकानात तो मासा फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो आणि वास थेट आमच्या बंदरावरचा. चिमुकल्या कपातली कॉफी मात्र उभ्या उभ्या प्यायची आणि चालू लागायचं. बसायला सांगत नाहीत, आणि बसलं तर जास्त आकारतात.

नदीकाठी आलो. इथूनच पोर्तुगिजांची गलबतं निघायची. मस्कतच्या जुन्या बंदरावरचे दोन किल्ले याच लोकांनी मजबूत केले, आणि प्रभाकरच्या लहानपणी खाडीपलीकडे रोज दिसणारा कोर्लईचा किल्लाही यांचाच. कठड्याला टेकून तो म्हणाला, "माझ्या घरासमोर पण हेच, माझ्या कामावर पण हेच. आता मी आलोय यांचं काम तपासायला."

आणि तपासलंच. जाताना येताना प्रत्येक घराची भिंत टक टक. सई दहा पावलं पुढे, मी मध्ये, हा मागे. "पप्पा, प्लीज ना, नॉक नको करू, लोक बघतात." लोक खरंच बघत होते.

तिसऱ्या वळणावर

संध्याकाळी पाचच्या सुमाराला परतलो. सई भराभर वर गेली. मी दुसऱ्या वळणाच्या पायरीवर गुडघे चोळत बसले. प्रभाकर माझ्या वरच्या बाजूला, तिसऱ्या वळणावर, नाणं काढून सुरू झाला होता. टक, टक, टक, टक, आणि मग बद्द.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"राहू दे. आपलं घर नाही," मी म्हणाले.

त्याने त्या टाइलच्या कडेला अंगठा लावून फक्त दाबून बघितलं. टाइल भिंतीतून सुटली आणि खाली निघाली. त्याने ती हवेतच पकडली. दुसऱ्या कुणाच्या हातून फुटली असती. एका हातात टाइल धरून तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी मागची भिंत चाचपत होता, तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि पिशव्या घेऊन दोना लुर्देस वर आली.

तिने टाइल बघितली, भिंतीतलं भोक बघितलं, आणि ओरडली, "लाद्रांव!"

या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. तिने पिशव्या टाकल्या, टाइल हिसकावून छातीशी धरली. संत्री गडगडत तळमजल्यापर्यंत गेली. सई धावत खाली आली. दोना लुर्देसला मोडकं इंग्रजी येत होतं, सईला मोडकं मराठी येतं, त्यामुळे मधल्या पायरीवर उभी राहून तीच दोन्हीकडचं पोचवू लागली.

"मम्मा, ती म्हणते, जुन्या टाइल्स लोक स्टील करतात. बाजारात टुरिस्ट लोकांना सेल करतात. नेक्स्ट डोअरच्या घरातून सहा गेल्या. ती म्हणते..." सई थांबली.

"काय म्हणते?" प्रभाकर.

"ती म्हणते, तू चोर आहे. पोलिसला कॉल करणार."

दोना लुर्देस खाली जाऊन ती वही घेऊन आली. प्रभाकरच्या नावाखाली तिने लाल पेनाने रेघ मारली आणि त्या रेघेवर बोट ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

मी प्रभाकरचा चेहरा बघितला. सव्वीस वर्षांत हजारो घरांमधून, मंत्रालयांच्या इमारतींमधून, शेखांच्या बंगल्यांमधून त्याचा हात फिरला. कुणाचा खिळा गेला म्हणून कधी त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, बंगल्याच्या चाव्या त्याच्याकडे सोपवून सलालाला जातो. आणि इथे, मुलीच्या तोंडून, त्याला स्वत:साठी तो शब्द ऐकावा लागला. मला वाटलं, आता हा चिडेल. तो चिडला नाही. त्याने नाणं हातात घेतलं.

"सई, तिला सांग, खुशाल पोलिस बोलव. तोपर्यंत तुझ्या जिन्यातल्या आणखी कुठल्या टाइल पडणार, त्या मी दाखवतो. मग त्यांना काय सांगायचं ते सांग."

तो तळमजल्यापासून सुरू झाला. खुणा करायला खडू नव्हता. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं, लाल, मध्यम आकाराच्या. त्याने हात पुढे केला, मी टिकली काढून दिली. टक, टक, बद्द, टिकली. जिना संपेपर्यंत दहा टाइल्सना कुंकू लागलं, आणि अकरावी दोना लुर्देसच्या छातीशी होती.

ती बाई सईला विचारत होती, हा काय प्रकार आहे, हा माणूस आहे कोण? सईने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "माय फादर इज अ टाइल मेसन. ट्वेंटी-सिक्स इयर्स."

'कन्स्ट्रक्शन' गेलं होतं. सतरा वर्षांत तिच्या तोंडून 'मेसन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि त्या चोरीच्या आरोपातसुद्धा माझ्या छातीत काहीतरी भरून आलं.

दोना लुर्देसला ते पुरेसं नव्हतं. तिचा निकाल असा: उद्या सकाळी अर्मिंदु येईल. तो चाळीस वर्षं या घराचा गवंडी आहे. तो म्हणाला ठीक, तर ठीक. नाहीतर वही घेऊन ती पोलिसांकडे जाणार. घरून आणलेला दिवाळीच्या फराळाचा डबा त्या संध्याकाळी बॅगेतच राहिला.

घमेलं

अर्मिंदु सकाळी नऊला आला. पांढरे केस, खुरटी दाढी, आणि हात अगदी प्रभाकरचे. नखं बारीक कापलेली, बोटांच्या चिरांमध्ये पांढरं कायमचं बसलेलं. भिंतीवरच्या टिकल्या बघून त्याने भुवया उंचावल्या. मग बोटाच्या पेराने एकेक टिकली वाजवत वर गेला. बद्द. बद्द. बद्द. प्रत्येक वेळी होकाराची मान डोलवायचा. दोना लुर्देस खालच्या पायरीवर वही घेऊन उभी होती. सईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

दहाही टिकल्या झाल्यावर त्याने एका बिनटिकलीच्या टाइलवर हात ठेवला आणि वाजवली. आवाज पोकळ आला. मलाही कळला. तो प्रभाकरकडे वळून काहीतरी म्हणाला, दोना लुर्देसने ते सईला इंग्रजीत सांगितलं. "ही राहिली, म्हणतो," सई पुटपुटली.

प्रभाकर पुढे झाला, कान भिंतीजवळ नेऊन नाणं वाजवलं, थोडं वर वाजवलं, थोडं खाली. "नाय. ही धरून हाय. मागून पाइप गेलाय, सरळ वरपर्यंत. तो वाजतोय."

सईने इंग्रजीतून दोना लुर्देसला सांगितलं, तिने अर्मिंदुला. अर्मिंदु खो खो हसायला लागला. तो पाइप त्यानेच टाकला होता, तरुणपणी. मुद्दाम विचारलं होतं. त्याने प्रभाकरच्या खांद्यावर थाप मारली आणि दोना लुर्देसला लांबलचक काहीतरी सुनावलं. तिने सईला त्यातलं एकच वाक्य सांगितलं: अर्मिंदु म्हणतो, हा चोर असेल, तर मीही चोर.

दोना लुर्देसने वही मिटली.

आमची सुट्टी खरं तर तिथे पुन्हा सुरू व्हायला हवी होती. त्या दिवशी डोंगरावरचा एक राजवाडा बघायचा बेत होता. पण अर्मिंदुने पिशवीतून हत्यारं काढली आणि प्रभाकरकडे नुसतं बघितलं. प्रभाकरने बाह्या दुमडल्या. मी सईला म्हटलं, चल, आपण दोघी जाऊ. ती म्हणाली, "नो. आय वाँट टु सी." आणि जिन्यात फतकल मारून बसली.

प्रभाकरने खुणेने सिमेंट मागितलं. अर्मिंदुने जोरात नकाराची मान हलवली आणि सुटलेल्या टाइलची पाठ दाखवली. कधीतरी कुणीतरी घाईत सिमेंट थापलं होतं, ओल कोंडली आणि टाइलने भिंत सोडली. मग त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत चुना होता, लोण्यासारखा मळलेला. प्रभाकरने दोन बोटांत चिमूटभर घेतला, चोळला आणि नाकाशी नेला.

"आबांचा वास," तो मला म्हणाला.

माझे सासरे चौलला गवंडी होते. शिंपल्या भाजून, चुना भिजवून भिंती बांधायचे. मी लग्न होऊन गेले तोवर ते काम बंद पडलं होतं, म्हणून मला हे ऐकूनच माहीत. प्रभाकर दहा वर्षांचा असताना चुना ढवळायचा. मस्कतला आला आणि तयार मसाल्याच्या गोण्यांमध्ये ते विसरला, असं त्याला वाटत होतं. हात विसरले नव्हते. वाळू घालून त्याने तो असा कालवला की अर्मिंदु बाजूला सरकून बघत बसला.

कालवायचं पसरट भांडं मागताना अर्मिंदु म्हणाला, "गामेला." प्रभाकरने न वळता घमेलं पुढे सरकवलं. दोन-तीन क्षणांनी दोघंही थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले. पाव, साबण, चावी आम्ही यांच्याकडून घेतली हे मला शाळेत शिकवलं होतं. घमेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

टाइल्स पाण्यात बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. मग अर्मिंदुने पहिली सुटलेली टाइल, ती 'चोरीची', उलटी करून उजेडात धरली. मागे पेन्सिलीची पुसट खूण होती. ज्याने ती कधीकाळी लावली, त्या कारागिराने काढलेली. कानामागची जाड पेन्सिल काढून अर्मिंदुने प्रभाकरला दिली. रीत आहे, असं त्याने दाखवलं.

प्रभाकरचे हात चुन्याने माखलेले. "सई, लिही. माझं नाव."

सईचं देवनागरी म्हणजे आनंदच. इंग्रजीत झरझर चालणारा तिचा हात इथे अडखळला. "पप्पा, प्र कसा? पायात लाइन देऊ ना?" तिने जीभ दातात धरून 'प्रभाकर' लिहिलं. भ चा म होता होता वाचला. मग 'चौल'. प्रभाकर म्हणाला, "मस्कत पण लिही. रोटी तिथली खातोय." तिने तेही लिहिलं.

दोना लुर्देस मागे येऊन उभी राहिली होती. तिने चष्मा लावला, वही उघडली, लाल रेघेवरचं नाव बघितलं, टाइलवरचं बघितलं. "सेम?" तिने सईला विचारलं. "सेम," सई म्हणाली. मग त्या बाईने प्रभाकरचा चुन्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि माफी मागितली. तिचे डोळे भरले होते. प्रभाकर एवढंच म्हणाला, "बस, बस," आणि टाइल भिंतीत बसवली. सरळ, शेजारच्या वेलीला वेल लावून.

अकरा टाइल्सना दोन दिवस लागले. राजवाडा राहिला, तिथली प्रसिद्ध पिवळी ट्राम राहिली. दोना लुर्देसने पहिल्या दिवशी पालेभाजीचं सूप केलं, दुसऱ्या दिवशी मासा. मी फराळाचा डबा काढला. चकली हातात घेऊन तिने सगळीकडून फिरवून बघितली, कुठून सुरू होते ते शोधत. अर्मिंदुने शोधाशोध न करता सात खाल्ल्या. मी जिन्यात बसून बेसनाचे लाडू वाटत होते आणि मनात म्हणत होते, बघा, यांच्या गलबतांनी आमच्याकडे येऊन किल्ले बांधले, आणि आज यांच्या जिन्याला चौलचा माणूस लागला. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. पण माझी मान चांगलीच ताठ होती.

चुना सिमेंटसारखा घाईचा नाही. निदान महिनाभर त्याला हात लावायचा नाही, मगच कळतं धरलं की नाही. निघताना प्रभाकरने खिशातून पन्नास बैसांचं नाणं काढून दोना लुर्देसच्या तळहातावर ठेवलं. "एक महिन्याने," त्याने बोट वर केलं आणि हवेत टक टक करून दाखवलं.

दार्सैत, शुक्रवार

परत येऊन पाच आठवडे झाले. या काळात प्रभाकर मॉलमध्ये नुसता चालायचा, नवीन नाणं घेत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "आधी तिकडचं कळू दे." एवढ्या वर्षांच्या कामात तो निकालाला कधी घाबरलेला मी बघितला नव्हता. चुन्यात टाइल बसवायचं काम त्याने स्वत:च्या हाताने पहिल्यांदाच केलं होतं, आणि त्याच्यावर त्याचं नाव होतं.

गेल्या शुक्रवारी सकाळी पोहे खात होतो. सईच्या फोनवर लिस्बनहून आवाजाचा निरोप आला. तिची वर्गमैत्रीण अभ्यासाला आली होती, तीही टेबलाशी होती. मला वाटलं, सई उठून आतल्या खोलीत जाईल. तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आवाज वाढवला.

दोना लुर्देसचं बोलणं आधी, धापा टाकत, जिना चढत. मग नाणं. टक. थोडं थांबून, टक. प्रभाकरने चमचा खाली ठेवला, डोळे मिटले. टक. टक. दर टाइलला तो बोट दुमडत होता. दहाही बोटं मिटली आणि अकरावी वाजली.

"भरीव," तो म्हणाला. "सगळ्या."

"व्हॉट इज दॅट?" मैत्रिणीने विचारलं.

"अ स्टेअरकेस इन लिस्बन," सई म्हणाली. "माय फादर लेड दोज टाइल्स. ही इज अ टाइल मेसन." मग आमच्याकडे वळून मराठीत विचारलं, "पप्पा, नाववाली कुठली?"

"तिसऱ्या वळणावरची. खालून आठवी."

तिने निरोप मागे नेला, सात मोजून सोडले आणि आठवा आवाज मैत्रिणीला ऐकवला. टक.

पोहे गार झाले होते. प्रभाकर उठला, माझ्या पर्समधून त्याने पन्नास बैसांचं नाणं काढून घेतलं, आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा ओट्यामागची टाइल वाजवून बघितली.